तुळजापूरच्या रस्त्यावरची गावं

आमच्या भागातली मंडळी सोडली तर वारंगा फाटा कुठे आहे हे सगळ्यांना सांगावं लागतं. नांदेडहून निघून अर्धापूर मागे टाकलं की थोड्या वेळाने रस्त्याला दोन पाय फुटतात. एक आखाडा बाळापूर, कळमनुरी करत हिंगोलीला जातो, दुसरा उमरखेडवरून यवतमाळ, नागपूरकडे. तिसरा अर्थातच आपण आलो तो, नांदेडचा. तोच पुढे लातूर, औसा करत थेट तुळजापूरला जाऊन थांबतो. त्यामुळे आमच्या लहानपणी फाट्यावर उभं राहिलं की तीन दिशा असायच्या: बाजारहाट नि कचेरीची कामं असली की हिंगोली, माहेरवाशिणी असल्या की विदर्भ, आणि नवस फेडायचा असला की तुळजापूर.

हा लेख त्या तिसऱ्या रस्त्याबद्दल आहे, आणि माझ्या मोठ्या आत्याबद्दल. नात्यातली बरीच मंडळी हे वाचतात हे मला माहीत आहे. आत्याच्या मुलांना आधी विचारलं. धाकटा म्हणाला, "लिही दादा. तिनं बोलून दाखवलं नाही, आता आपण तरी बोलू." म्हणून लिहितोय. एका पुरुषाने या विषयावर लिहावं का, असाही प्रश्न काहींना पडेल. मलाही पडला होता. पण त्या लाजेनेच तर आमच्या घरात घोटाळा केला.

२००० सालची कोजागिरी. घरातले आठ-दहा जण तुळजापूरला निघालो. फाट्यावर चहा झाला, एसटी मिळाली, नांदेडला गाडी बदलली. आत्या खिडकीशी बसली होती आणि वाटेतल्या प्रत्येक गावाचं नाव विचारत होती. तुळजापूरला पोचल्यावर मात्र ती देवळाच्या पायऱ्या उतरलीच नाही. वरच थांबली. "मला अडचण आहे," म्हणाली. बायकांनी मान हलवली, पुरुषांनी ऐकलं नाही असं केलं, आणि आम्ही सगळे दर्शन घेऊन आलो. तिच्यासाठी अंगारा आणला. तेव्हा तिचं वय पंचेचाळीसच्या आसपास होतं. ती अडचण गेले सात-आठ महिने संपतच नव्हती, हे आम्हाला पुढच्या वर्षी पावसाळ्यात कळलं. तोवर तिने एका डॉक्टरकडून गोळ्या घेतल्या होत्या, एका वैद्याचा काढा प्यायला होता, आणि "बाईच्या जातीला हे असतंच" हे वाक्य किमान दहा जणींकडून ऐकलं होतं.

तपासणी झाली. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, तिसरी पायरी. देवगिरी एक्स्प्रेसने तिला मुंबईला टाटामध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, रेडिएशन झालं, काही महिने बरे गेले. २००३ मध्ये ती गेली. घरात आजही "तिला पोटाचं दुखणं होतं" असं सांगतात.

हे सगळं इतक्या वर्षांनी वर यायचं कारण म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा फोन. तिची मुलगी बारा वर्षांची आहे. "दादा, ती कॅन्सरची लस द्यावी का रे? व्हॉट्सअॅपवर काहीबाही येतं." मी म्हटलं, वाचून सांगतो. वाचायला बसलो ते लसीसाठी, आणि जाऊन पोचलो कुठे, तर तुळजापूरच्या रस्त्यावर!

तर मंडळी, थोडा इतिहास.

आपल्याकडे कॅन्सरचा अभ्यास यंत्रांपासून सुरू झाला नाही, तो मोजणीपासून सुरू झाला. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलं. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांनी येणाऱ्या रोग्यांची बारकाईने नोंद ठेवायला सुरुवात केली. १९४४ मध्ये मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या ओळीने एक हजार रोग्यांचा आढावा त्यांनी प्रसिद्ध केला. १९४५ मध्ये आणखी एक गंमतीदार वाटणारा, पण गंभीर निबंध. त्यात धोतर किंवा लुगडं वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी घट्ट आवळल्याने तिथल्या कातडीला होणाऱ्या कॅन्सरचं वर्णन होतं, आणि त्याला नावच पडलं 'धोती कॅन्सर'. म्हणजे रोग्याला नुसतं टेबलावर न बघता तो काय नेसतो, काय चघळतो, कसा राहतो हे बघायचं. ही खानोलकरांची शिकवण.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या कमल रणदिवे. जन्म १९१७, पुण्याचा. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करायला गेल्या. जीवशास्त्र शिकलेल्यांना ही प्रयोगशाळा लगेच आठवेल. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी इथेच वाढवल्या गेल्या, आणि त्या पेशी मेल्याच नाहीत. माणसाच्या शरीराबाहेर अखंड वाढत राहिलेल्या त्या पहिल्या पेशी. त्यांना हेला पेशी म्हणतात. हेन्रिएटा त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेली. तिला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. तिचा आजार कोणता होता? गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. आत्याचाच.

रणदिवे परत आल्या आणि मुंबईच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी पेशी वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पुढे म्हातारपणी अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करत त्या गावोगाव हिंडल्या. सूक्ष्मदर्शकापासून गावाच्या वेशीपर्यंत त्यांनी केलेला हा प्रवास मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता रोगाबद्दल. हा कॅन्सर बहुतेक वेळा एका विषाणूमुळे होतो हे जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवलं. १९८३ मध्ये त्यांच्या गटाला या कॅन्सरच्या पेशींत एचपीव्ही या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार सापडला, पाठोपाठ १८ क्रमांकाचा. तो १८ वा हेन्रिएटाच्या पेशींतही निघाला. त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. विषाणू करतो काय, तर आपल्या पेशीत दोन राखणदार असतात. पी-५३ आणि आरबी अशी त्यांची रूक्ष नावं. पेशी बिघडली तर ते तिची वाढ रोखतात. एचपीव्हीची दोन प्रथिनं या दोघांनाच निकामी करतात. राखण गेली की ढोरं शेतात शिरणारच. पण हे सगळं एका रात्रीत होत नाही. बहुतेक बायकांच्या शरीरातून विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्याजणींच्यात तो मुक्काम ठोकतो, आणि तिथून कॅन्सरपर्यंत जायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. पंधरा-वीस वर्षं! एवढ्या काळात कधीही एकदा तपासलं असतं तर बिघडलेला भाग गोठवून किंवा काढून टाकता येतो, भूल न देता, दहा-पंधरा मिनिटांत. म्हणजे आत्याचा आजार तिच्या तिशीतच सापडू शकला असता.

आता चला बार्शीला. सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी, मराठवाड्याच्या अगदी वेशीवर. तिथे नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ मध्ये तिथे कॅन्सरच्या रोग्यांची नोंदवही सुरू झाली. मुंबईत अशी नोंदणी १९६३ पासून होती. पण मुंबईत दवाखाने आहेत, मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेलं असतं. खेड्यात बाई घरातच झिजून जाते आणि दाखल्यावर काही लिहिलेलंच नसतं. मग नोंद कशाची करणार? म्हणून बार्शीच्या लोकांनी वेगळं काढलं. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांत कार्यकर्ते स्वतः जाऊ लागले. सरपंच, शिक्षक, अंगणवाडीच्या बाई यांना भेटायचं, गावात कुणाला अशी लक्षणं आहेत का विचारायचं, आणि बायकांना सांगायचं की अंगावरून जात असेल, मधेच रक्त जात असेल तर लपवू नका. डॉ. भ. म. नेने, डॉ. कस्तुरी जयंत अशी मंडळी या कामात होती.

या नोंदवहीतून दोन गोष्टी दिसल्या. पहिली, खेड्यातल्या बायकांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा. दुसरी गोष्ट मला जास्त भावली. नुसतं गावात जाऊन बोलल्यामुळे, कसलीही नवी चाचणी किंवा औषध नसताना, लवकरच्या पायरीवर दवाखान्यात येणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं. १९९५ मध्ये हे छापूनही आलं. "बाईच्या जातीला हे असतंच" या वाक्याला उत्तर देणारं माणूस गावात आलं, एवढंच घडलं होतं.

आता पुढचा प्रश्न: चाचणी करायचीच तर कोणती? पॅप चाचणी जुनी, १९४० च्या दशकातली. पण काच तपासायला तरबेज माणूस लागतो, आणि ती दर दोन-तीन वर्षांनी करावी लागते. दुसरी अगदी स्वस्त. पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे जवळपास आपला शिरकाच, लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. तिसरी नवी आणि महाग, विषाणूचा डीएनएच पकडणारी. खेड्यातल्या बाईला, जिची आयुष्यात एकदाच तपासणी होण्याची शक्यता आहे, यातली कोणती वाचवेल?

हे शोधायला बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था एकत्र आल्या. जागा निवडली उस्मानाबाद जिल्हा (आताचा धाराशिव). ४९७ गावं, त्यांचे ५२ गट, आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. ऑक्टोबर १९९९ ते नोव्हेंबर २००३ या काळात हे काम चाललं. (आमचा हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तोही १९९९ मध्येच, १ मे रोजी.) त्या ५२ गटांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी चार भागांत वाटणी झाली. एका भागाला पॅप, एकाला शिरक्याची, एकाला विषाणूची चाचणी. चौथ्या भागाला चाचणी नाही. त्यांना फक्त माहिती द्यायची, आणि नेहमीच्या दवाखान्यात कुठे तपासून घेता येईल ते सांगायचं.

इथे मी वाचता वाचता थांबलो. ऑक्टोबर १९९९ ते नोव्हेंबर २००३. आमची कोजागिरी २००० ची. म्हणजे आत्या खिडकीशी बसून ज्या जिल्ह्यातल्या गावांची नावं विचारत होती, त्याच जिल्ह्यात त्या दिवसांत नर्सबाई तिच्याच वयाच्या, तिच्यासारखंच नऊवारी नेसणाऱ्या बायकांना तपासायला बोलावत होत्या. आणि शंभरातल्या जवळपास ऐंशीजणी येतही होत्या! खेड्यातल्या बायका लाजतात, येत नाहीत, हे आपण किती सहज म्हणतो. त्यांना नीट बोलावलं तर त्या येतात. आत्या वर पायऱ्यांशी बसून राहिली, कारण तिला कुणी विचारलंच नाही. आम्हीही नाही.

निकाल २००९ च्या एप्रिलमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. लेखकांच्या यादीत पहिले डॉ. शंकरनारायणन, मग नेने, शास्त्री, जयंत, आणि पुढे बुडुख, हिंगमिरे, थोरात, केळकर, केसकर, पानसे. ही नावं वाचताना मला आमच्या शाळेचा हजेरीपट आठवला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात विषाणूच्या चाचणीच्या भागात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या. पॅपच्या भागात ५४, शिरक्याच्या भागात ५६. आणि ज्यांना फक्त माहिती दिली होती त्या चौथ्या भागात ६४. चारही भाग साधारण तेवढेच मोठे, एकतीस ते चौतीस हजारांचे. म्हणजे एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ज्यांची विषाणूची चाचणी निर्दोष आली, त्यांच्यात पुढे हा कॅन्सर होण्याचं प्रमाण लाखात वर्षाला ३.७ होतं. पॅप निर्दोष आलेल्यांत ते १५.५ आणि शिरक्याच्या चाचणीत १६. याचा अर्थ असा की एकदा ही चाचणी निर्दोष आली की बाईने कितीतरी वर्षं निर्धास्त राहावं.

शिरक्याची चाचणी वाया गेली असं मात्र समजू नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या लोकांनी दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून ती दर दोन वर्षांनी केली, दीड लाख बायकांच्या अभ्यासात, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. यंत्र नसेल तिथे तेही चालतं, पण पुन्हा पुन्हा करावं लागतं.

आता त्या ६४ जणींबद्दल. या अभ्यासांवर पुढे बरीच टीका झाली, आणि ती टीका मला दुर्लक्ष करण्यासारखी वाटत नाही. टीकाकारांचं म्हणणं असं की तपासणीने जीव वाचतात हे जगाला आधीच माहीत होतं, मग हजारो बायकांना तपासणीशिवाय ठेवून त्यांची मोजणी का केली? करणाऱ्यांचं म्हणणं असं की महाराष्ट्रातल्या खेड्यांत तेव्हा तपासणी नव्हतीच. चौथ्या भागाकडून काही काढून घेतलं नाही, उलट माहिती तरी दिली. आणि तुलना केली नसती तर सरकारांना पटवून देता आलं नसतं. दोन्ही बाजू वाचून माझं मन काही एका जागी बसलं नाही. हेन्रिएटाला कुणी विचारलं नव्हतं. या बायकांना निदान विचारलं होतं, सांगितलं होतं. पण मी आत्याच्या जागेवरून बघतो तेव्हा वाटतं, आत्याही चौथ्याच भागातली. फरक इतकाच की तिला माहितीसुद्धा मिळाली नाही आणि तिची मोजणीही झाली नाही. खरं तर तेव्हाचा उरलेला अख्खा मराठवाडा चौथ्या भागात होता. आणि करार साधा होता: तुम्ही आम्हाला हे शिकवा, मग आम्ही सगळ्यांना तपासू. त्या १,३१,७४६ बायकांनी आपला भाग पाळला.

जगाने तो धडा घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये विषाणूची चाचणी हीच पहिली चाचणी असावी अशी शिफारस केली. उस्मानाबादचा अभ्यास त्यामागच्या पुराव्यातला एक मोठा खांब आहे. आणि आपण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा असा आहे की ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी या कॅन्सरसाठी कधीतरी तपासणी झालेल्या शंभरात दोनही नाहीत. १.९ टक्के. ज्यांनी जगाला शिकवलं त्यांच्या नातीसुद्धा अजून चौथ्याच भागात आहेत.

तपासणी नसली की भीती मोकाट सुटते. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण आठवत असेल. २०१९ मध्ये सरकारच्या समितीने पाहणी केली तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी जणींना "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" असं सांगितलं गेलं होतं. एकीकडे कॅन्सर असून आत्याला कुणी तपासलं नाही, दुसरीकडे कॅन्सर नसून यांच्या पिशव्या गेल्या. दोन्हीकडे नव्हती ती एक साधी चाचणी.

आमच्याकडे याला जोडून हळदही येते. वसमतची हळद प्रसिद्ध, त्यामुळे "हळदीने कॅन्सर बरा होतो" हा मेसेज आमच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा फिरतोच. मी हळद उत्पादकाचा मुलगा आहे, मला कशाला वाईट वाटेल! पण खरं ते असं की काचेच्या ताटलीतल्या हेला पेशींवर हळदीतल्या कर्क्युमिनचा परिणाम दिसतो, आणि पोटातून घेतलेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम पोचतं. कॅन्सर बरा करणारं औषध म्हणून ते सिद्ध झालेलं नाही. भाजीत घालावी, बाजारात विकावी, औषधाच्या भरवशावर दवाखाना चुकवू नये.

उपचारातही दरम्यान फरक पडला. आत्याला नुसतं रेडिएशन मिळालं, कारण तिसऱ्या पायरीच्या रोग्यांना सोबत केमोथेरपी द्यावी की नाही हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. टाटामध्ये २००३ ते २०११ या काळात तिच्याच पायरीच्या ८५० बायकांवर हा अभ्यास झाला आणि निकाल २०१८ मध्ये आला. रेडिएशनबरोबर दर आठवड्याला सिसप्लॅटिन दिलं तर पाच वर्षांनी शंभरातल्या ५४ जणी हयात, नुसत्या रेडिएशनने ४६. आठजणी जास्त. त्या आठांमध्ये आत्या असती का, हा हिशोब मी करून पाहिला आणि सोडून दिला.

आता बहिणीच्या मूळ प्रश्नाकडे. लस २००६ मध्ये आली. २००९ मध्ये भारतात एक अभ्यास सुरू झाला, त्यातही बार्शी होतं, पुणे होतं. दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे बघायचं होतं. पण २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातेतल्या एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पात काही मुलींच्या मृत्यूवरून गदारोळ झाला. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं चौकशीत निघालं नाही, पण पालकांची संमती घेण्यात गंभीर ढिलाई झाल्याचं निघालं. सरकारने सगळीकडचंच लस देणं थांबवलं. त्यामुळे या अभ्यासातल्या सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला आणि काम अर्धवट राहिलं. पण बार्शीकरांनी आणि इतरांनी त्या मुलींना सोडलं नाही. वर्षानुवर्षं त्यांची तपासणी करत राहिले. २०२१ मध्ये निकाल आला: १६ आणि १८ प्रकारच्या विषाणूने शरीरात ठाण मांडण्याविरुद्ध एका डोसचं संरक्षण ९५.४ टक्के, दोन-तीन डोसांइतकंच! २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसलाही मान्यता दिली. गरीब देशांचा खर्च एकदम खाली आला. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वतःची लसही २०२३ पासून मिळते.

बहिणीला मी एवढंच कळवलं: मुलीला लस दे, आणि तू स्वतः चाचणी करून घे. लस मुलीच्या कामाची, चाचणी तुझ्या. ती म्हणाली, "मला काही होत नाही रे." मी म्हटलं, काही होत नाही तेव्हाच करायची असते. मग तिला कोजागिरीची गोष्ट सांगितली. तेव्हा ती सहावीत होती, तिला आठवत होती फक्त परतीची गाडी आणि आत्याने कपाळाला लावलेला अंगारा. फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता विषाणूची चाचणी बाई स्वतःचा नमुना स्वतः घेऊनही करू शकते, कुणासमोर लाजायची गरज नाही. गोव्यातल्या कंपनीच्या ज्या छोट्या ट्रूनॅट यंत्रांवर क्षयरोगाची तपासणी होते, त्यांच्यावर ही चाचणीही चालू शकते. म्हणजे अवघड भाग झालेला आहे. उरलं आहे ते बार्शीच्या कार्यकर्त्यांनी १९८७ मध्ये केलं ते: गावात जायचं आणि विचारायचं.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. वहिनी, चुलतबहीण आणि आत्याची सून, अशा तिघींना घेऊन नांदेडला गेलो. तिघींची चाचणी झाली. दोघींची निर्दोष आली. तिसरीचा विषाणू सापडला, पुढची तपासणी झाली, आणि डॉक्टरांनी छोटासा भाग गोठवून टाकला. त्याच दिवशी संध्याकाळी ती घरी स्वयंपाक करत होती. ती तिसरी कोण ते तिच्या सांगण्यावरून इथे लिहीत नाही. परत येताना फाट्यावर उतरलो, चहा घेतला. तिघींना विचारलं, आता कुठे? म्हणाल्या, या कोजागिरीला तुळजापूरला जाऊ या. आत्याचं दर्शन राहिलं होतं.

नात्यातल्या मंडळींनो, गाडीत अजून चार जागा आहेत. येताना नांदेडला थांबायचं आहे, तेवढी तयारी ठेवा.